त्यांच्या दारची पटरी

बनारसमध्ये रस्त्याच्या कडेच्या मातीच्या पट्ट्याला पटरी म्हणतात. घराची भिंत संपते आणि डांबर सुरू होतं, त्या दोन्हींच्या मधली जागा. लग्न होऊन मी वाईहून दूधविनायकाच्या ज्या गल्लीत आले तिथं पटरी नव्हतीच. समोरून माणूस आला तर आपण भिंतीला टेकायचं आणि सांड आला तर जवळच्या ओट्यावर चढायचं. पटरी नव्हती म्हणून पटरीवरून भांडणंही नव्हती. पुढे आम्ही दोघांनी नोकऱ्या संपता संपता विद्यापीठाच्या पलीकडच्या एका कॉलनीत घर बांधलं. हे कॉलेजात संस्कृत शिकवायचे, मी बँकेत होते. घर वळणावरचं, त्यामुळे आमच्या वाट्याला पटरीही जरा जास्त आली.

आम्ही राहायला आलो तेव्हा तिथं फुटक्या विटा, वाळूचा ढीग आणि कुणाचा तरी जुना कमोड पडला होता. मी ते सगळं उचलवलं, माती टाकली, तगर लावली, जास्वंद लावली, नळाच्या सांडपाण्यावर अळू केलं. माहेराहून डब्यातून आणलेलं कढीपत्त्याचं रोप मधोमध लावलं. गाई, बकऱ्या आणि मोकाट सांडांपासून वाचावं म्हणून भोवती विटा तिरक्या रोवून तार ओढली. चार-पाच वर्षांत कढीपत्ता भिंतीच्या वर गेला. मग गणपतीत, श्राद्धपक्षात मंगला गौरीच्या मंदिराकडच्या आमच्या मराठी लोकांचे फोन यायचे, "वहिनी, पत्ता न्यायला पाठवू का कुणाला?" बाजारात मिळतो तो कढीपत्ता काळा पडलेला असतो. माझ्याकडचा नेऊन लोक दोन-दोन दिवस वास घेत बसायचे.

शेजारी एक इंजिनियर राहायचे. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सगळी कॉलनी त्यांना इंजीनियर साहब म्हणे आणि त्यांना ते आवडे. संक्रांतीला आम्ही त्यांच्याकडे तिळगूळ द्यायचो, त्यांच्याकडून खिचडी यायची. त्यांच्या पत्नी माझ्याकडून तगरीची फुलं मागून न्यायच्या. वाईट असं काही नव्हतं.

मग त्यांनी दुसरी गाडी घेतली. पहिली गाडी त्यांच्या दारात मावत होती, दुसरी मावेना. एका सकाळी मी पाणी घालत असताना ते आले. शाल, मफलर, हात मागे बांधलेले.

"बहनजी, ही तुमची झाडं थोडी सरकवता आली तर गाडीची सोय होईल."

"झाडं सरकत नाहीत, भाईसाहब."

"मग काढून आत लावा. तुमच्याकडे आत जागा आहे."

मी म्हटलं, आत सावली आहे, कढीपत्ता आत जगणार नाही. ते हसले. "पटरी सरकार की है, बहनजी. न आपकी, न मेरी." एवढं बोलून ते गेले. मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बोलले असतील मजाकमध्ये. तू परेशान नको होऊ."

त्याच हिवाळ्यात माझ्या भाचीच्या लग्नाला आम्ही साताऱ्याला गेलो. तिथून वाई, मग पुण्याला दिरांकडे, असं करत बरेच दिवस लागले. परत आलो तेव्हा रिक्षा आमच्या वळणावर थांबली आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, हे नाही, पुढचं वळण. तो म्हणाला, "माताजी, पता तो यही है." मी नीट पाहिलं. फाटक आमचं होतं. फाटकाबाहेर काहीच नव्हतं. सपाट केलेली माती, त्यावर मशीनच्या चाकांच्या खुणा आणि वर उभी इंजिनियरसाहेबांची पांढरी गाडी.

फाटकावर नगर निगमाची नोटीस चिकटवलेली होती. पटरीवरचं कुंपण काढून घ्यावं, नाहीतर काढण्यात येईल. मुदत आम्ही पुण्यात असतानाच संपली होती. त्यात चूक काहीच नव्हती, विटा आणि तार मी लावलीच होती. पण मागच्या बाजूला राहणारी आमची कामवाली बाई मला पाहून धावत आली आणि तिनं झालेलं सगळं सांगितलं. पथक आलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, घरातले लोक कुठायत? इंजिनियरसाहेब पुढे होऊन म्हणाले, "बाहेरगावी आहेत, माझं बोलणं झालंय, त्यांची काही हरकत नाही. सगळंच साफ करून टाका." पथकाला विटा आणि तारच काढायची होती. झाडं इंजिनियरसाहेबांच्या शब्दावर गेली. बाई म्हणाली, "सबको चाय भी पिलाई."

मी बॅग तिथेच ठेवून त्यांच्या दारात गेले. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"आमची हरकत नाही असं तुम्ही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढला. "नियम सबके लिए हैं, बहनजी. तुमच्या घरी कुणी नव्हतं. मी नसतो तर त्यांनी भिंतीलाही धक्का लावला असता. उलट माझे आभार माना."

"आणि गाडी?"

"मोकळी जागा आहे. कुणाचीही गाडी उभी राहू शकते."

मी घरी आले, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच ओटा पुसत राहिले. हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "झालं ते झालं. शेजार आहे. जाऊ दे न."

मी जाऊ दिलं नाही. आजही नाही. लोक म्हणतात रागानं आपलंच नुकसान होतं, झोप उडते, रक्तदाब वाढतो. माझं तसं काही झालं नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली आणि सकाळी उठले तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं. आयुष्यभर बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी एक गोष्ट शिकले होते. आरडाओरडा करणाऱ्याचं काम कधीच होत नाही. जो नियम नीट विचारून जातो आणि योग्य वेळी परत येतो, त्याला कुणीच नाही म्हणू शकत नाही.

आमच्या भागाच्या निगम कार्यालयात उद्यान विभाग आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथं एक तरुण अधिकारी बाई होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. मी त्यांना म्हटलं, माझ्या पटरीवर कारवाई झाली, ती बरोबरच होती, पण आता मला सगळे नियम समजून घ्यायचेत. त्या जरा चकित झाल्या. कारवाई झाल्यावर लोक तिथं भांडायलाच येत असावेत. त्यांनी खुर्ची दिली.

"पटरी निगमची," त्या म्हणाल्या. "हिरवी ठेवायची असेल तर आमच्याकडून परवानगी घ्या. कुंपण नाही, वीट नाही. वळणावर गुडघ्याच्या वर जाईल असं काही लावायचं नाही, गाडीवाल्यांना पलीकडचं दिसलं पाहिजे."

म्हणजे माझा कढीपत्ता परत लावता येणार नव्हता. ते मी पचवलं.

"आणि फरशी? सिमेंट?"

"पक्कं काहीच नाही. पाणी मुरलं पाहिजे."

"फाटकापुढचा उतार?"

"उतार फाटकाच्या आत काढायचा. बाहेर फक्त एवढासा." त्यांनी टेबलावर वीतभर अंतर दाखवलं. "आणि नाली झाकायची नाही. नाली झाकली की सफाई होत नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुणाची तक्रार करायचीय का, आंटी?"

"अजून नाही," मी म्हटलं.

कारण तेव्हा इंजिनियरसाहेबांच्या दारात साधा सिमेंटचा उतार होता, सगळ्यांच्या दारात असतो तसा. तो तोडला असता तर त्यांनी आठवड्यात दुसरा केला असता. मला तेवढं पुरणार नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी लखनऊकडची, घर मोठं. तिलक चढवायला, म्हणजे नवऱ्या मुलाला टिळा लावून आहेर करायला, मुलीकडचे लोक इथं येणार म्हणून घराचा कायापालट सुरू झाला. रंग झाला, फाटक बदललं. मग एका सकाळी ट्रकमधून काळा ग्रॅनाइट उतरला. तो घराच्या आत गेला नाही, दारापुढच्या पटरीवर बसायला लागला. भिंतीपासून डांबरापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन बाजूंना दिव्यांचे खांब, मधोमध रुंद उतार. मी रोज बघत होते. ते स्वतः कारागिरांसमोर खुर्ची टाकून बसायचे.

एक दिवस त्यांनीच मला हाक मारली. बहुधा त्यांना वाटत होतं की मी विसरले.

"कसं वाटतंय, बहनजी?"

"सुंदर," मी म्हटलं. "पण उतार जरा पुढे आणा. एवढा उभा ठेवलात तर पाहुण्यांची गाडी खाली घासेल."

"पुढे नाली आहे."

"झाकून टाका की. वास तरी येणार नाही."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी नालीवर सिमेंटचे पाटे पडले आणि त्यावर ग्रॅनाइट आला. मी तगरीची फुलं त्यांच्या पत्नीला नेऊन दिली. मंदिराजवळून विकत आणली होती, माझ्याकडे आता कुठली तगर.

तक्रार मी तिलकाच्या आधीच्या आठवड्यात केली. फोटो जोडले. कुणाचंही नाव वाईट केलं नाही, फक्त काय कुठं बांधलंय ते लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. निनावी तक्रार मी आयुष्यात केलेली नाही. त्यांनाही नोटीस गेली. ती त्यांनी वाचून खिशात घातली असणार, कारण कुणाकुणाला फोन केले की अशा नोटिसा थांबतात असा त्यांचा अनुभव होता. ह्या वेळी थांबली नाही.

तिलकाच्या आदल्या दिवशी सकाळी मी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसले होते. पिवळं मशीन वळणावरून आत आलं. मी मटार सोलत राहिले. इंजिनियरसाहेब बनियन-मफलरमध्ये बाहेर आले, फोन कानाला लावून इकडून तिकडे चालत राहिले. कुणाला तरी सांगत होते, "अरे भाई, कल तिलक है." पहिला ग्रॅनाइट फुटला तेव्हा त्याचा आवाज मोठ्या पापडासारखा आला. नालीवरचे पाटे उचलले तेव्हा आत अडकलेलं काळं पाणी वर आलं आणि उरलेल्या फरशीवर पसरलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते एकदा वर बघतील अशी वाट बघत होते. त्यांनी बघितलं. मी हात हलवला नाही की मान वळवली नाही. मला बरं वाटलं. बरं हा शब्द कमी आहे. कढीपत्ता गेला त्या दिवसापासून छातीत जे अडकलं होतं ते सुटलं, आणि सुटताना गोड लागलं.

हे वर आले. "हे तू केलंस?"

"नियमानं केलं."

"तिलकाच्या आदल्या दिवशी?"

"आपण लग्नालाच गेलो होतो तेव्हा."

हे मटारचा डबा उचलून खाली गेले. दुपारी जेवताना, संध्याकाळी चहाला, बोलले नाहीत. हा माणूस दूधविनायकाच्या गल्लीत वाढलेला, समोरचा आला की आधी स्वतः भिंतीला टेकायचं हे ह्यांच्या रक्तात आहे. मला त्यांचा राग आला नाही. पण मी माझं म्हणणं मागेही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिलकाला आम्ही गेलो. आमंत्रण होतं, न जाण्याचं कारण नव्हतं. मी पैठणी नेसले. फुटक्या ग्रॅनाइटच्या मलब्यावर लाकडी फळ्या टाकून त्यावर लाल गालिचा अंथरला होता. मुलीकडचे लोक फळांच्या टोपल्या, भांडी, कपड्यांची ताटं घेऊन एकामागे एक त्या फळ्यांवरून तोल सांभाळत येत होते. दाराशी इंजिनियरसाहेब सगळ्यांना हात जोडून म्हणत होते, "देखकर आइए, देखकर." माझी पाळी आली.

"आइए बहनजी," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "मोठी मेहरबानी केलीत."

"नियम सबके लिए हैं, भाईसाहब," मी म्हटलं.

त्यांचं तोंड मी नीट पाहून घेतलं. त्यांच्या पत्नीला काही माहीत नव्हतं. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "न जाने किसने किया, बहनजी. त्याचं भलं होणार नाही." मी ताटातली आणखी एक कचौडी घेतली.

इथं थांबायला हरकत नव्हती. ह्यांना वाटलं मी थांबले. पण लग्न झालं, पाहुणे गेले, मलबा उचलला गेला आणि त्यांच्या दारात नुसती माती उरली, तेव्हा मला त्या अधिकारी बाईंचं आणखी एक बोलणं आठवलं. कॉलनीतला कुणीही रहिवासी पटरी सांभाळायला मागू शकतो. आपल्याच घरापुढची असली पाहिजे असं नाही. इंजिनियरसाहेब रुसून बसले होते. अर्ज करणं म्हणजे निगमापुढे वाकणं, असं ते लोकांना सांगत होते. मी गेले आणि दोन पटऱ्यांसाठी अर्ज केला.

"दोन्ही?" बाईंनी विचारलं. "शेजाऱ्यांची हरकत नाही ना?"

"माझं बोलणं झालंय," मी म्हटलं. "त्यांची काही हरकत नाही."

हे वाक्य उच्चारताना मला जे सुख झालं तसं माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातही झालं नव्हतं.

रोपं निगमच्या रोपवाटिकेतूनच घ्यायची होती. माझी पटरी वळणावरची, तिथं मी बुटकी सदाफुली लावली. त्यांची पटरी सरळ रस्त्यावरची, तिथं झाडं चालत होती. मी सातवीण मागितली, तिला इकडे छितवन म्हणतात. आमच्या बँकेच्या रस्त्याला तिची रांग होती. कोजागिरीच्या सुमाराला ती फुलायला लागली की संध्याकाळी तिच्या उग्र वासानं काउंटरवरच्या निम्म्या लोकांचं डोकं धरायचं, आम्ही खिडक्या बंद करून काम करायचो. दिसायला देखणी, सावली दाट, वाढ भराभर, रस्त्याकडेला लावायला सगळीकडे मान्य. मी माळ्याला घेऊन ती त्यांच्या व्हरांड्यासमोर आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर लावली. इंजिनियरसाहेब फाटकाशी येऊन बघत राहिले.

"हे माझं दार आहे," ते म्हणाले.

"दार तुमचं. पटरी सरकारची," मी म्हटलं आणि निगमचा कागद दाखवला.

झाडं मी मुलासारखी वाढवली असं म्हणणार नाही. मी ती हत्यारासारखी वाढवली. उन्हाळ्यात बादलीनं पाणी नेऊन घातलं, शेणखत घातलं, किडीवर औषध मारलं. गुडघे दुखायचे तेव्हाही गेले. काही वर्षांत ती खिडकीच्या वर गेली आणि एका शरदात हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ धरले. दसऱ्यानंतर त्यांची खिडकी लागली ती देवदिवाळी होऊन गेली तरी उघडली नाही. व्हरांड्यातली खुर्ची आत गेली. मी संध्याकाळी मुद्दाम फाटकाशी उभी राहायची.

त्याच शरदात माझ्या आनंदात एक खडा पडला. इंजिनियरसाहेबांची सून त्या झाडाखाली बसायला लागली. मुलगा नोकरीला बाहेरगावी, ती सासू-सासऱ्यांजवळ. संध्याकाळी बसायचा वेताचा मोडा घेऊन बाहेर यायची आणि बसून राहायची. एक दिवस मी पाणी घालायला गेले तर मुळाशी माती आधीच ओली होती.

"मी घातलं, आंटी," ती म्हणाली. "तुमचे गुडघे दुखतात ना."

"वास येत नाही तुला? डोकं नाही दुखत?"

"आमच्या होस्टेलच्या दारात होती ही झाडं," ती म्हणाली. "ह्या वासानं मला तिथलं वाटतं. घरात सगळे खिडक्या लावतात म्हणून मी बाहेर येते."

मला राग आला. खरंच राग आला. मी ज्यांना जखम व्हावी म्हणून हे लावलं त्यांच्याच घरातलं माणूस तिथं मजेत बसलं होतं. पुढचे काही दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. ती मात्र पाणी घालत राहिली.

मग ह्या वर्षी पावसाळा संपता संपता तीच माझ्याकडे आली. सासरे झाडं काढून टाकण्यासाठी अर्ज करणार आहेत, म्हणाली. सांभाळणारी बाई म्हातारी झाली, तिच्यानं होत नाही, असं त्यात म्हणणार आहेत. "आंटी, तुमच्या नावाबरोबर माझं नाव लावता येईल का? मग सांभाळायला कुणी नाही असं त्यांना म्हणता येणार नाही."

मी तिच्याकडे बघितलं. बारीक, शांत मुलगी, ओढणी नीट खांद्यावर. मी तिला खरं सांगून टाकलं, ही झाडं मी प्रेमानं लावलेली नाहीत, तुझ्या सासऱ्यांना त्रास व्हावा म्हणून लावली आहेत.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ते रोज सांगतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ई-रिक्षानं निगम कार्यालयात गेलो. बाई बदलून गेल्या होत्या, नवे साहेब होते. तिनं सही केली, पत्त्याच्या जागी सासऱ्यांचं घर लिहिलं. त्यांच्याच दारची पटरी, त्यांच्याच घरातलं माणूस, त्यांच्याच पत्त्यावर. माझं एकटीचंच नाव होतं तोवर त्यांना आशा होती की म्हातारी कधीतरी थकेल. आता ती आशाही उरली नाही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, तिनं आणून हातात ठेवलं, आणि मी ते नाकारण्याइतकी चांगली नाही.

परत येताना मी तिला विचारलं, "सासरे रागावतील. घरात तुला त्रास होईल."

तिनं जरा विचार केला. "रागावले की ते आत जाऊन बसतात," ती म्हणाली. "खिडक्या तर लागलेल्याच असतात."